इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची झिजलेली खुंटी : दोषाची ओळख, सफाई आणि दुरुस्ती

वास्कोहून लोंढामार्गे हुबळीकडे जाणारा लोहमार्ग धारवाड आणि नवलूर मागे टाकल्यावर, हुबळीत शिरण्यापूर्वी, उणकल या लहान स्थानकाला स्पर्श करतो. उणकलचा विस्तीर्ण तलाव आणि चालुक्य काळातील चंद्रमौळेश्वर मंदिर प्रवाशांना परिचित आहे. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकांना मात्र हे नाव तेथील डॉ. गंगूबाई हनगल गुरुकुलामुळे अधिक जवळचे वाटते. किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हनगल (१९१३-२००९) यांच्या नावाने उभ्या असलेल्या या संस्थेत गुरु-शिष्य परंपरेने गायन-वादनाचे शिक्षण दिले जाते. अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांकडे शिकलेले गंगूबाई व भीमसेन जोशी, अशी ही परंपरा मिरज ते धारवाड-हुबळी या पट्ट्यात रुजली. स्वराच्या सच्चेपणाला तिने नेहमीच पहिले स्थान दिले.

हा सच्चेपणा ज्या षड्जावर तोलला जातो, तो तानपुऱ्याचा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी मिरजेच्या भोपळ्याचा तानपुरा असेलच असे नाही. असला तरी रोज तो जुळवून छेडणारा दुसरा माणूस मिळत नाही. ही अडचण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने दूर केली. बंगळुरूचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये या प्रकारचे वाद्य सिद्ध केले. त्यानंतर ही लहानशी पेटी गोव्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंत असंख्य घरांतील रियाझाचा भाग बनली. त्या काळातील आणि त्यानंतरच्या दोन दशकांतील अनेक पेट्या आजही चालू स्थितीत आहेत. परंतु त्यांचा एक भाग हमखास झिजतो. तो भाग म्हणजे स्वर लावण्याची गोल खुंटी, अर्थात नॉब आणि त्याखालील पोटेन्शिओमीटर. दुरुस्तीच्या दुकानांत यालाच ‘पॉट’ किंवा ‘कंट्रोल’ म्हणतात.

पेटी आणि सिंथेसायझर यांचे नाते

जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा हा मुळात एक मर्यादित कामाचा ॲनालॉग सिंथेसायझरच आहे. त्यात स्वर निर्माण करणारे ऑसिलेटर असतात, तारेच्या छेडण्यासारखा उठाव व ओसर देणारे मंडल असते, जवारीचा गुंजणारा नाद साधण्यासाठी वरच्या स्वरांशांची योजना असते आणि चार तारांचा क्रम चालवणारी यंत्रणा असते. सिंथेसायझरमध्ये हीच अंगे वादकाच्या हाती मोकळी सोडलेली असतात, तर तानपुऱ्यात ती एकाच कामासाठी बांधलेली असतात.

सिंथेसायझर भारतात आला तोही याच सुमारास. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवण्यात आला. पुढे केर्सी लॉर्ड यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूगचा वापर केला. चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. या साऱ्या यंत्रांचे आणि घरातील तानपुऱ्याच्या पेटीचे दुखणे सारखेच असते, कारण दोहोंच्या खुंट्यांमागे एकाच जातीचा भाग बसवलेला असतो. त्यामुळे जुन्या सिंथेसायझरच्या दुरुस्तीत रुळलेली पद्धत तानपुऱ्याच्या पेटीलाही जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते.

खुंटीच्या आत काय असते

पॉटला तीन टोके असतात. आत घोड्याच्या नालाच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि तिची दोन टोके बाहेरच्या दोन पायांना जोडलेली असतात. मधला पाय वायपरचा, म्हणजे पट्टीवरून घासत सरकणाऱ्या धातूच्या स्पर्शाचा. नॉब फिरवला की वायपर पट्टीवर पुढेमागे सरकतो आणि त्याच्या जागेनुसार रोध बदलतो.

या रचनेत झीज चार प्रकारांनी होते. पहिला प्रकार धुळीचा व गंजाचा. पट्टी आणि वायपर यांच्यामध्ये मळ साचतो, धातूवर पातळ थर चढतो आणि स्पर्श तुटक होतो. दुसरा प्रकार वंगणाचा. शाफ्टला मऊपणा देणारे ग्रीस वर्षानुवर्षांत वाळून चिकट होते. तिसरा प्रकार पट्टीच्या प्रत्यक्ष झिजेचा. गायक बहुधा एकाच पट्टीत, म्हणजे काळी एक किंवा पांढरी चार अशा ठरलेल्या स्वरात रियाझ करतो. त्यामुळे वायपर वर्षानुवर्षे पट्टीच्या त्याच चिमूटभर जागेत मागेपुढे होत राहतो आणि नेमका तेथेच कार्बन खरवडला जातो. सिंथेसायझरच्या पिच-व्हीलचा पॉट नेमका मधोमध झिजतो, तोही याच कारणाने. चौथा प्रकार सोल्डरचा. नॉबवर हाताचा दाब पडून पॉटच्या पायांशी असलेला टाका तडकतो. वरून पाहता हा दोष पॉटचाच वाटतो.

किती झीज म्हणजे किती बेसूर

आवाजाच्या नॉबमध्ये मळ साचला तर खरखर ऐकू येते. ती त्रासदायक असली तरी स्वराला धक्का लावत नाही. स्वराच्या नॉबचे तसे नाही. तेथील दोष सूक्ष्म बेसूरपणाच्या रूपाने प्रकटतो आणि नवशिक्याच्या कानाला तो दोष म्हणून कळतही नाही. हीच यातली खरी हानी आहे. सरकलेल्या षड्जावर महिनोन्महिने रियाझ झाला, तर कान त्या सरकण्यालाच सरावतो.

हिशेब साधा आहे. ज्या मंडलात स्वराची कंपनसंख्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात ठरते, तेथे रोध एक टक्क्याने बदलला की स्वर सुमारे १७ सेंटने सरकतो. एका सप्तकाचे १२०० सेंट आणि अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले जातात. श्रुतिचर्चेत ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ते ८१:८० हे अंतर सुमारे २१.५ सेंटचे आहे. म्हणजे रोधातील सव्वा टक्क्याचा फरक स्वर जवळजवळ एका श्रुतीने हलवतो.

ऐकण्यातून हे असे जाणवते. खर्जाच्या बाजूची काळी एक सुमारे १३८.६ हर्ट्‌झची असते. ती एक टक्क्याने चढली तर १४० हर्ट्‌झ होते. बिनचूक स्वराबरोबर ती वाजवल्यास दर सेकंदाला सुमारे १.४ वेळा नाद फुगतो आणि ओसरतो. जुळलेल्या तानपुऱ्याचा स्थिर गुंजारव त्यात हरवतो.

मूग जातीच्या सिंथेसायझरमध्ये एका सप्तकासाठी एक व्होल्ट हे प्रमाण असते. अर्ध्या स्वराला त्यामुळे ८३.३ मिलिव्होल्ट मिळतात आणि प्रमाणश्रुतीला जेमतेम १८ मिलिव्होल्ट. मळलेल्या पॉटमधून एवढी उडी सहज पडते.

दोष नेमका कोठे आहे

पेटी उघडण्यापूर्वी काही गोष्टी कानानेच ठरवता येतात. पेटी अर्धा तास चालू ठेवावी आणि नॉबला हात न लावता स्वर ऐकावा. हात न लावताही स्वर हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल, तर दोष बहुधा पॉटचा नसून तापमानाचा, वीजपुरवठ्याचा किंवा उतरलेल्या बॅटरीचा असतो. नॉबला नुसता स्पर्श होताच स्वर उडत असेल, तर संशय पॉटवर किंवा त्याच्या टाक्यांवर जातो.

त्यानंतर नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावा. संपूर्ण फेऱ्यात सर्वत्र खरखर व उड्या असतील तर मळ किंवा सैल स्पर्श हे कारण असते. नेहमीच्या पट्टीजवळच उडी पडत असेल आणि बाकी फेरा स्वच्छ असेल, तर तेथे कार्बन झिजलेला असतो. पहिला दोष सफाईने जातो, दुसरा जात नाही. हा भेद आधीच कळला तर निष्फळ खटाटोप टळतो.

पेटी उघडताना वीजतार भिंतीतून काढून ठेवावी. ज्या पेट्यांत ट्रान्सफॉर्मर आतच असतो, तेथे २३० व्होल्टचा भाग हाताजवळ येतो. मोठे कपॅसिटर वीज काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात, म्हणून काही मिनिटे थांबणे आवश्यक आहे. वीज असलेली उघडी पेटी घरच्या माणसाने हाताळू नये. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

पॉटची परीक्षा मल्टिमीटरने होते. बाहेरच्या दोन पायांमधील रोध पॉटवर छापलेल्या आकड्याच्या आसपास यावा, वीस टक्क्यांपर्यंतचा फरक साधारण मानला जातो. नंतर एक बाहेरचा आणि मधला पाय धरून नॉब हळूहळू फिरवावा. आकडा सलग वाढत किंवा घटत जायला हवा. काट्याचा जुना मीटर या कामी अधिक उपयोगी पडतो, कारण स्पर्श क्षणभर तुटला तरी काटा झटका देतो. आकडे दाखवणाऱ्या मीटरवर तो क्षण निसटू शकतो. पॉट मंडलात जोडलेला असताना आजूबाजूचे भाग मापनात मिसळतात. म्हणून निश्चित माप हवे असल्यास किमान दोन पाय सोडवून घ्यावे लागतात.

सफाई

सफाईसाठी विद्युत स्पर्शांकरिता बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. पॉटच्या मागील बाजूस किंवा पायांजवळ बारीक फट असते. तेथून अगदी थोडा फवारा आत सोडावा आणि शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावा. सुटलेला मळ बाहेर येण्यासाठी दुसऱ्यांदा हलका फवारा द्यावा. द्रव पूर्णपणे उडून जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी आणि त्यानंतरच वीज जोडावी.

येथे तीन चुका वारंवार होतात. गंज सोडवण्याचे घरगुती तेल फवारले जाते. त्याने खरखर काही दिवस थांबते, पण मागे राहिलेल्या तेलकट थरावर नवी धूळ चिकटते आणि दोष दुणावतो. दुसरी चूक नॉबच्या वरूनच फवारा मारण्याची. तो आत पोहोचत नाही, उलट शाफ्टचे ग्रीस मात्र विरघळवतो. तिसरी चूक अतिरेकाची. सरळ रेषेत सरकणाऱ्या फेडरमध्ये विशेष दाट ग्रीस भरलेले असते. क्लीनरने ते धुतले गेले तर फेडर ढिला होतो आणि बोटाला त्याचा अंदाज राहत नाही. अशा फेडरला सफाईनंतर त्याच कामासाठी मिळणारे वंगण द्यावे लागते.

बदल

कार्बन झिजला असेल तर पॉट बदलणे हाच खात्रीचा उपाय. नव्या पॉटमध्ये चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, रोधाचे मूल्य. दुसरी, चढाची रीत. समरेषीय पॉटमध्ये नॉब मध्यावर असताना रोध निम्मा भरतो, तर आवाजासाठी वापरल्या जाणाऱ्या लॉगरिदमिक पॉटमध्ये तो मध्यावर एकूण रोधाच्या दहा ते पंधरा टक्केच असतो. आज आशियाई बनावटीच्या पॉटवर बहुधा ‘बी’ हे अक्षर समरेषीय आणि ‘ए’ हे लॉगरिदमिक असते. जुन्या युरोपीय भागांवर हीच अक्षरे उलट अर्थाने आढळतात, म्हणून अक्षरावर विसंबण्यापेक्षा मध्यावरचे माप घेणे इष्ट. तिसरी गोष्ट, शाफ्टची जाडी आणि आकार : गोल, दातेरी किंवा एका बाजूने सपाट. चौथी, पाय तारेने जोडायचे आहेत की थेट सर्किटच्या पट्टीत बसवायचे आहेत.

जुना पॉट काढण्यापूर्वी तारांचे छायाचित्र घ्यावे आणि रंग लिहून ठेवावेत. बाहेरच्या दोन तारांची अदलाबदल झाल्यास नॉब उलटा चालतो, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर स्वर उतरतो. सोल्डर काढताना फार वेळ उष्णता दिल्यास पट्टीवरचा तांब्याचा थर उचकटतो. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी यांनी हे काम सुखरूप होते.

पॉटचे दोनच पाय वापरलेले असतील, तर मधला पाय मोकळ्या राहिलेल्या बाहेरच्या पायाशी जोडून घ्यावा. अशी जोडणी केल्यावर वायपर क्षणभर उचलला गेला तरी मंडल तुटत नाही, फार तर पूर्ण रोध येतो. पुढील काळातील मोठ्या उड्यांना यामुळे आळा बसतो. तीनही पाय वापरलेले असतील तर ही जोडणी करू नये.

तंतोतंत पॉट मिळाला नाही, तर जुन्या कारागिरांची एक युक्ती कामी येते. पॉटचे पत्र्याचे आवरण जपून उघडायचे आणि वायपरचे टोक किंचित बाजूला वाकवून ते पट्टीच्या न घासलेल्या भागावरून चालेल असे करायचे. झिजलेल्या वाटेशेजारी अनेकदा कोरी वाट शिल्लक असते. याउलट पट्टीवर पेन्सिल घासणे किंवा वाहक रंग लावणे हे उपाय स्वराच्या नॉबसाठी टाळावेत. त्यांनी रोध एकसारखा राहत नाही आणि दुरुस्तीनंतर स्वर अधिकच अस्थिर होतो.

बटणे असलेल्या पेट्या

नंतरच्या काळातील डिजिटल पेट्यांत स्वर स्फटिकाच्या आधाराने ठरतो. तेथे झिजणारा भाग वेगळा असतो. बटणाखालच्या रबरावर वाहक कार्बनची चकती असते. ती मळली की बटण दोनदा दाबावे लागते. रबर आणि सर्किटची पट्टी दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसल्यास बहुतेक वेळा काम भागते. काही पेट्यांत गोल फिरणारा एन्कोडर असतो. तो झिजला की पडद्यावरचा आकडा मागेपुढे उडतो, पण एकदा आकडा स्थिरावला की स्वर अचूकच असतो. म्हणजे या पेट्यांत दोष डोळ्यांना दिसतो, ॲनालॉग पेटीत तो कानालाच शोधावा लागतो.

स्वर पुन्हा लावताना

दुरुस्तीनंतर पेटी अर्धा तास तापू द्यावी. मगच ट्यूनर किंवा स्वरकाट्याच्या साह्याने षड्ज पाहावा. खरी कसोटी पुनरावृत्तीची आहे : नॉब दूर फिरवून पुन्हा त्याच खुणेवर आणला असता स्वर दोन-तीन सेंटच्या आत परत आला पाहिजे. हाच प्रयोग दोन्ही दिशांनी करावा. त्यानंतर पंचम कानाने तपासावा. ३:२ या प्रमाणातील शुद्ध पंचम समविभागी ट्यूनरच्या पंचमापेक्षा दोन सेंट चढा असतो, त्यामुळे ट्यूनरचा काटा तेथे किंचित चढा दिसला तर तो दोष नव्हे.

पेटीच्या आत पेचकसाने फिरवायचे लहान पॉट असतात. ते कारखान्यात लावलेले असतात आणि तारांचा परस्परमेळ त्यांवर अवलंबून असतो. बाहेरचा नॉब दुरुस्त करण्यापूर्वी त्यांना हात लावणे म्हणजे दोष झाकून दुसरा दोष निर्माण करणे होय. ते हलवावेच लागले, तर मूळ जागेवर आधी बारीक खूण करून ठेवावी.

दमट हवेतील काळजी

गोव्याची खारी, दमट हवा आणि उणकल-धारवाडकडचा मलनाडच्या कडेचा पाऊस या दोन्ही गोष्टी धातूच्या स्पर्शांना मानवत नाहीत. पावसाळ्यात पेटी उघड्या खिडकीजवळ ठेवू नये. वापर नसताना तिच्यावर कापडी आच्छादन घालावे आणि डब्यात ठेवायची असल्यास सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवाव्यात. बॅटरीवर चालणारी पेटी दीर्घकाळ बंद राहणार असेल तर बॅटऱ्या काढाव्यात. त्यांतून झिरपणारे रसायन पट्टीवरचे तांबे खाते. आठवड्यातून एकदा प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवावा. वायपरवर चढणारा थर त्यामुळे वेळीच घासला जातो आणि वापर पट्टीच्या एकाच जागी साचत नाही.

मोबाईलवर तानपुऱ्याचे ॲप सहज मिळत असताना जुनी पेटी जपावी का, असा प्रश्न विचारला जातो. ॲपचा स्वर झिजत नाही हे खरे. परंतु एका पॉटची किंमत संपूर्ण पेटीच्या तुलनेत नगण्य असते आणि तेवढ्यासाठी चालू वाद्य ई-कचऱ्यात टाकणे योग्य ठरत नाही. शिवाय नॉब फिरवत आपल्या गळ्याचा षड्ज शोधणे हा विद्यार्थ्यासाठी स्वरज्ञानाचाच एक पाठ असतो. भोपळ्याच्या तानपुऱ्यात हे काम लाकडी खुंटी आणि मणी करतात. पेटीत तेच काम कार्बनच्या पट्टीवर सरकणारा धातूचा बारीक स्पर्श करतो. तो स्वच्छ आणि स्थिर असेल, तरच पेटीचा षड्ज रियाझाला आधार देऊ शकतो.